आबांच्या हातचं कॉकटेल

दारू या पदार्थाबद्दलचं माझं ज्ञान नाकापुरतं आहे. रमचा वास मी झोपेतसुद्धा ओळखीन. चव मात्र आजतागायत घेतलेली नाही. फौजी हवालदाराची मुलगी मी. आमच्या घरी रमची बाटली औषधांच्या खणात असायची आणि आईच्या मते सगळा घोटाळा तिथेच होता. सर्दी झाली की कोमट पाण्यातून चमचाभर, पाठ धरली की चोळायला, थंडीत म्हशीला कापरं भरलं तर तिच्या गुळातसुद्धा. एवढ्या दुखण्यांवर चालणारं औषध हाताशी असलं की घरातलं कोणीतरी कायमचं आजारी पडतंच. आमच्याकडे आबा पडले.

आबा म्हणजे माझे वडील. पलटणीतून निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आले आणि रोज प्यायला लागले. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. दुपारपासून ओसरीवर बसून राहायचे आणि कोणी काही विचारलं की "होय साहेब" म्हणायचे. माझ्या लग्नात ऐन मुहूर्ताला त्यांना उभं राहता येईना. कन्यादान चुलत्यांनी केलं. मांडवामागच्या खुर्चीवर मान टाकून बसलेले आबा मला अंतरपाटाच्या कडेनं दिसत होते, आणि मला रडू येण्याऐवजी भयंकर राग आला होता. तो राग मी सासरी, दिल्लीपर्यंत बरोबर आणला. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून आबांनी दारू सोडली. कोणाला सांगितलं नाही, शपथ घेतली नाही. आईनं मला पत्रानं कळवलं, तेही सहा महिने वाट बघून, म्हणजे खात्री झाल्यावर.

या गोष्टीला पाच वर्षं झाली तेव्हा आम्ही गुडगावला राहायला गेलो होतो. माझा नवरा दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला, सरकारी अधिकाऱ्याचा मुलगा. नव्वदीच्या दशकात नव्या परदेशी कंपन्यांची लाट आली तशी त्यानं पक्की नोकरी सोडली आणि गुडगावच्या एका नव्या कंपनीत उडी मारली. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या एका खिडकीतून काचेची इमारत दिसायची आणि दुसऱ्या खिडकीतून मोहरीचं शेत. शेतात कधीकधी नीलगाय उभी असायची. पाणी टँकरचं, वीज जनरेटरची, भाजी मात्र समोरच्या शेतातली. आपण पुढे आलो आहोत की मागे गेलो आहोत, हे मला पहिलं वर्षभर उमगलं नाही.

त्या कंपनीत एक रीत होती. दर महिन्याला एका शनिवारी कोणीतरी सगळ्यांना घरी जेवायला बोलवायचं. आर. के. पुरममध्ये पाहुण्यांना चहा-चिवडा दिला की यजमान सुटायचा. इथे जेवणाआधी दीड तास नुसतं पेले धरून उभं राहायचं असायचं, बायकांनीसुद्धा. मी प्रत्येक ठिकाणी संत्र्याचा रस घेऊन भिंतीला टेकून उभी राहायचे. कोणीतरी विचारायचं, "तुम्ही काय घेता?" आणि मला समजायचं नाही की ही चौकशी आहे की परीक्षा. डिसेंबरात आमची पाळी आली.

"आपण रमची कॉकटेल्स ठेवू," नवरा म्हणाला. "बिल्कुल सिंपल असतात. लिंबू, साखर, बर्फ. सगळे व्हिस्की देतात यार, आपण काहीतरी वेगळं. आणि आबा येतायत ना पुढच्या आठवड्यात? त्यांच्याकडे मिलिटरी कँटीनचं कार्ड आहे, रम स्वस्त मिळेल."

आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात येणार होते. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "अहो, ज्या माणसानं पाच वर्षं थेंब घेतला नाही, त्याला दारू आणायला पाठवायचं?"

"प्यायला नाही सांगत, आणायला सांगतोय. दोन्हींत फरक आहे की नाही?"

फरक होता की नव्हता, हेच मला ठरवता येईना, आणि मी ठरवेपर्यंत आबा आले. मी त्यांना काहीही सांगितलं नाही. नवऱ्यानं सांगितलं. तपासणीच्या दिवशी दोघं छावणीतल्या कँटीनमध्ये गेले आणि आबांनी कापडी पिशवीतून तीन बाटल्या काढून टेबलावर ओळीनं मांडल्या.

"घे," ते म्हणाले. "गावाकडं बी दर महिन्याला काढतोच की मी. ढोरांच्या डॉक्टरला एक, तलाठ्याला एक. सैनिकाचा कोटा सोडायचा नसतो."

म्हणजे पाच वर्षं दर महिन्याला हा माणूस बाटल्या हातात घेऊन घरी येत होता आणि दुसऱ्याला देत होता. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर वाकायचं नाही, डोकं भिजवायचं नाही, दिवसातून चार वेळा थेंब घालायचे. वाकायचं नाही म्हटल्याबरोबर मी काय करावं? घरी येऊन तिन्ही बाटल्या ओट्याखालच्या सगळ्यात खालच्या कपाटात, कांदे-बटाट्यांच्या टोपलीमागे ठेवल्या. स्वतःच्या हुशारीचं मला कौतुक वाटलं, आणि लगेच लाजही वाटली.

कॉकटेल्स करायला मी करोल बागेतल्या फुटपाथवरून एक इंग्रजी पुस्तिका आणली. तिनं माझी पुरती भंबेरी उडवली. मापं औंसात. रम पांढरी सांगितलेली, आमची काढ्याच्या रंगाची. पेय हलवायचा शेकर नव्हता, तर झाकणाचा स्टीलचा उभा डबा घेतला. पुस्तिकेत प्रत्येक कृतीच्या शेवटी लिहिलेलं, चाखून बघा आणि चवीप्रमाणे बदल करा. इथे माझी गाडी अडली. चाखणार कोण? नवऱ्याला काहीही दिलं तरी तो 'बिल्कुल छान' म्हणायचा.

तसं पाहिलं तर न चाखता करणं मला नवीन नव्हतं. आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक चाखत नाहीत. पुरणात गूळ किती, कटाच्या आमटीत मीठ किती, हे वासावर, रंगावर आणि पळीवरून पडणाऱ्या धारेवर ठरतं. आईनं मला तसंच शिकवलं होतं. तेव्हा मी कॉकटेलही नैवेद्यासारखं करायला घेतलं. पहिलं लिंबू, साखर आणि रमचं. लिंबू पिळलं की माझा हात आपोआप मिठाकडे गेला, मग वेलदोड्याकडे. सरबताला लागतं ते घातलं. दुसरं गरम. पुस्तिकेत गरम रममध्ये लोणी, दालचिनी आणि लवंग घालायला सांगितलेलं. फ्रीजमधलं लोणी खारट, म्हणून मी चमचाभर साजूक तूप सोडलं. वरती तुपाचा असा तवंग आला की मलाच तो पेला कोणत्या खोलीत न्यावा हे सुचेना.

आबा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले होते. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हिरवी झापड, दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू पिकायला आलेला. त्यांनी हवेत नाक धरलं.

"ह्ये पाव्हण्यांसाठी हाय का बाळंतिणीसाठी?"

मी चिडले. म्हटलं, "तुम्हाला काय माहीत कॉकटेल कसं करतात ते?"

"वेलदोडा घातलास. मीठ घातलंस. आणि साखर आदी लिंबात इरघळवली न्हाईस, ती आता खाली बसली आसंल." त्यांनी डोळ्यावरची झापड सारखी केली. "नऊ वर्षं मेसला बारवर हुतो मी."

आमच्या लहानपणी आबांच्या पत्रात एकच वाक्य असायचं, ड्युटी चालू आहे, काळजी नसावी. आम्ही भावंडं बर्फात बंदूक घेऊन उभे असलेले आबा डोळ्यांसमोर आणून झोपायचो. शाळेत तसं सांगायचो. आणि त्यातली नऊ वर्षं आबा ऑफिसरांच्या मेसमध्ये पांढरा कोट घालून पेले भरत होते. मला फसवल्यासारखं वाटलं. मग वाटलं, फसवलं कोणी? त्यांनी ड्युटी म्हटलं, बंदूक आम्हीच त्यांच्या हातात दिली.

"आईला माहीत आहे?"

"तिला बंदूकच आवडायची," आबा म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी मला शिकवायला घेतलं. खुर्चीतून उठायचे नाहीत. मी ओतायला लागले की कान देऊन ऐकायचे आणि आवाजावरून म्हणायचे, "बास. जास्त हुतंय." साखर लिंबाच्या रसात पूर्ण विरघळली पाहिजे, मग रम, मग बर्फ. डबा हलवताना मनगट मोकळं. स्टीलवर धुकं धरलं आणि हाताला गार चटका बसायला लागला की थांबायचं, त्यापुढे नुसतं पाणी होतं. कोल्यात रम घालायची असेल तर आधी बर्फ, त्यावर लिंबू पिळायचं, रम, आणि कोला पेल्याच्या कडेनं सोडायचा; ढवळायचं एकदाच, नाहीतर फेस मरतो. गरम रमला बिनमिठाचं लोणी सुपारीएवढं, गूळ चालेल, तूप बंद.

"पण पांढरी रम सांगितलीय पुस्तकात."

"डोंगरात कुठली पांढरी? काळीचीच करायचो. कर्नलसाहेबांच्या मिसेसला लय आवडायची."

"तुम्ही चाखून बघायचात?"

"ड्युटीवर चाखायला बंदी. वासावर करायचं सगळं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "ड्युटीनंतर चाखायचो."

एवढ्या वर्षांत आबांना कुठल्या कामात इतकं रमलेलं मी पाहिलं नव्हतं. शेतात ते परक्यासारखे वावरायचे. इथे, धड दिसत नसताना, बर्फाच्या खुळखुळीवरून त्यांना डब्यात काय चाललंय ते कळत होतं. ज्या वस्तूनं आमच्या घराची माती केली त्याच वस्तूत माझे वडील पारंगत होते, आणि मला त्यांचा अभिमान वाटत होता. या भावनेचं करायचं काय? मला आजही कळलेलं नाही.

आणि मी रेघ मारायला लागले. सराव संपला की आबा त्यांच्या खोलीत जायचे, मी कपाटाशी उकिडवी बसून बाटलीच्या लेबलाच्या कडेला, रमच्या पातळीशी पेन्सिलीनं बारीक रेघ ओढायचे. तिसऱ्या की चौथ्या सकाळी रम रेघेखाली दिसली. अर्धं बोट. मी बाटली उजेडात धरली, तिरकी केली, सरळ केली. आदल्या दिवशी रेघ मारल्यावर मी आणखी एकदा काही केलं होतं का? गरम रमचा दुसरा पेला रेघेआधीचा की नंतरचा? नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मी? मी कशाला कांद्यामागे हात घालू यार?" माझी आठवण जितकी ताणावी तितकी विसविशीत होत गेली.

डोळ्यात थेंब घालायला मी दिवसातून चार वेळा आबांच्या चेहऱ्यावर ओणवी व्हायचे. त्या दिवसापासून मी थेंब घालताना श्वास आत ओढायला लागले. त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास यायचा. लवंगा ओट्यावर होत्या, गरम रमसाठी आणलेल्या. आबा येताजाता एखादी तोंडात टाकायचे. पूर्वीही, पिऊन आले की, लवंगच चघळायचे. लवंग हा पुरावा होता की नुसती लवंग होती? थेंब घालून झाले तरी मी क्षणभर तशीच राहायचे. ते छताकडे बघत निमूट पडून असायचे, श्वास रोखल्यासारखे. तेव्हा मला वाटलं, थेंब झोंबत असतील.

शनिवारी मंडळी आली. सरावानं मी तयार झाले होते, पण पहिल्या पाहुण्याचं पाऊल दारात पडताच शिकलेलं सगळं विसरले. सिंगापूरहून आलेले मोठे साहेब आणि त्यांच्या पत्नीसमोर मी लिंबाऐवजी स्वतःचं बोटच कापून घेतलं. आबा काळा चष्मा लावून, इस्त्रीचा सदरा घालून आतून आले, मला खांद्यानं बाजूला सारलं आणि उभे राहिले. पाठ ताठ. पुढचा दीड तास त्यांनी एकट्यानं सगळं सांभाळलं. प्रत्येक पेला उजवीकडून दिला. कोणाला कमी साखर, कोणाला जास्त बर्फ, एकदा सांगितलं की पुन्हा विचारलं नाही. साहेबांनी लिंबाचं तीनदा मागून घेतलं आणि असं आपण रम जिथली, त्या बेटांवरसुद्धा प्यालो नाही म्हणाले. त्यांच्या पत्नीनं मला हळूच इंग्रजीत विचारलं, हा माणूस तुम्ही कुठून मागवलात?

"माझे वडील आहेत," मी म्हटलं. गरजेपेक्षा मोठ्यानं म्हटलं असावं, कारण खोलीतले दोघेतिघे वळले. नवरा घाईघाईनं म्हणाला, "बिल्कुल, माझे फादर-इन-लॉ." आबांनी मात्र काळ्या चष्म्याच्या वरून माझ्याकडे नाराजीनं पाहिलं. ड्युटीवरच्या माणसाची ओळख करून द्यायची नसते, असं काहीसं त्या बघण्यात होतं. मी शरमले ती नेमकी कशाची, वडिलांनी पेले भरल्याची की मी ते मोठ्यानं सांगितल्याची, हे मला त्या गर्दीत सुटं करता येईना. त्यांच्या हातात मात्र दीड तास भरलेले पेले होते आणि माझी नजर त्यांच्या ओठांवरून हटली नव्हती.

पाहुणे गेले. एक बाटली अर्धी उरली. मी ती परत खाली ठेवली आणि रेघ मारली. पुढचे दहा-बारा दिवसही रोज बघत राहिले. काम संपलं होतं, सराव संपला होता, तरी बघणं थांबवता येत नव्हतं.

महिना झाला. डॉक्टरांनी डोळा तपासला, चष्मा दिला, वाकायला परवानगी दिली. घरी आल्यावर आबा मुलासारखे खूश. भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचून दाखवली, खिडकीतून नीलगाई मोजल्या, माझ्या केसातले दोन पांढरे केस काढून दाखवले. मग म्हणाले, आज कांदा मी चिरणार. मी गॅसवर डाळ ठेवत होते. माझ्या मागे टोपली सरकल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

वळून बघितलं तर आबांनी बाटली ओट्यावर ठेवली होती.

"डोळा एक नंबर झालाय," ते म्हणाले. "पेन्सिलीची रेघ सुदिक दिसतीय."

मी म्हटलं, "आबा, मी विचारायला हवं होतं."

"मग आता इचार."

"घेतलीत का?"

"न्हाई."

मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. एक स्वच्छ, चष्म्याआड मोठा झालेला. दुसरा अजून दुधाळ. त्या दोन्हींत बघून मला काही म्हणता काही कळलं नाही.

"खरं सांगताय?"

"घेतली आसती तरी न्हाईच म्हनलो आसतो, पोरी. पीत हुतो तवा तुझ्या आईला त्येच म्हनायचो." चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला, परत घातला. "पाच वर्सं झाली. तुझी आई मला इचारत न्हाई. तिला वाटतं, सुटली. मला रोज सकाळी वाटतं, आज काय व्हईल म्हाईत न्हाई. कुनी तरी बगत हाय म्हनल्यावर बरं पडतं. थेंब घालताना तू वास घ्यायचीस ना, तवा मी श्वास सोडायचो न्हाई. आदी राग आला. मग वाटलं, घेऊ दे तिला वास."

डाळ उतू गेली. मी गॅस बंद केला. मला त्यांच्या पाया पडायचं होतं आणि त्यांना गदागदा हलवायचंही होतं. दोन्ही जमलं नाही.

"पेन्सिल कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

"आबा, नको आता."

"आन. अजून आठवडाभर हाय मी हितं. आजची मारायची ऱ्हायलीय तुझी."

मी फ्रीजवरची पेन्सिल घेतली. आजवर मी रेघ पाठीमागे कोणी नाही ना बघून, घाईनं मारत आले होते. आता आबांच्या समोर उभी राहून, लेबलाला पेन्सिल टेकवली. पहिली रेघ वाकडी गेली. ती त्यांनी अंगठ्यानं पुसली आणि म्हणाले, दमानं. मी पुन्हा टेकवली. बाटली हलू नये म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.